कपड्यांचं पुढे ढकललं, कातड्याचं ठेवलं

पत्र

ताई, नमस्कार. मी अमळनेरची, वय 47. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंद, नंदोई आणि त्यांचा चौथीतला मुलगा रावेरकडून आमच्याकडे आले होते. रात्री जेवणं झाली, सगळे कूलरसमोर बसलो. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला आलेला. त्याने पेनड्राईव्ह टीव्हीला लावला आणि 'मास्टर्स ऑफ हॉरर' नावाच्या इंग्रजी मालिकेतला 'पेल्ट्स' हा भाग सुरू केला. तासाभराचा आहे म्हणाला, मजा येईल. कातडी विकणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट. एक म्हातारा जंगलात सापळे लावून रॅकून (उदमांजरासारखं अमेरिकेतलं जनावर) मारतो, सोलतो, आणि त्या कातड्यांच्या नादी जो लागेल तो स्वतःच्या हाताने स्वतःचे भयंकर हाल करून मरतो. मध्ये कपडे काढून नाचणाऱ्या बाईचे प्रसंग होते, ते मुलाने पटापट पुढे ढकलले. बाकी सगळं तसंच चालू ठेवलं.

कारखान्यात शिवणकाम करणारी बाई सुईदोऱ्याने स्वतःचे डोळे आणि तोंड शिवते, तिथे आमचे नंदोई पांढरेफटक पडले आणि सोफ्यावरून खाली घसरले. तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला. पोरं हसली. त्या गडबडीत टीव्ही बंद करायचं कोणाला सुचलं नाही. सासूबाई मात्र शेवटपर्यंत बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "मुक्या जनावरनं कातडं काढं, मंग त्यानं बी निंघनं. बरं व्हयनं." आणि झोपायला गेल्या.

भाचा तेव्हापासून एकटा झोपत नाही. नणंद घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते. तिने सुई हातात घेतली की तो खोलीतून पळतो. नणंद फोनवर म्हणाली, "तुझा पोरगा विकृत आहे, डॉक्टरला दाखव." नंदोई तर बोलतच नाहीत. मुलगा म्हणतो, सगळं खोटं असतं, एवढं काय त्यात?

आता कोणालाच न सांगितलेलं सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी घर झोपल्यावर मी तोच भाग आवाज बंद करून पुन्हा पाहिला. पूर्ण. आवडला म्हणायला जीभ रेटत नाही, पण डोळेही हटत नव्हते. उपासतापास करणारी बाई मी. माझ्यात काही खोट आहे का?

— एक वाचक, अमळनेर

उत्तर

वहिनी, तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे हे कळलं मला. पण त्याला थोडं थांबवते, कारण रावेरकडे एक लेकरू झोपत नाहीये आणि त्याचं आधी बघायला हवं.

चौथीतलं मूल म्हणजे नऊ-दहा वर्षांचं. पाच वर्षांचं पोर भीतीदायक चेहऱ्याला घाबरतं. चेहरा डोळ्यांआड गेला, मांडीवर घेतलं, की बरंचसं निवतं. नऊ वर्षांच्या मुलाची भीती वेगळी असते. 'असं खरंच होऊ शकतं का' हा विचार त्याला करता येतो, आणि तोच त्याला छळतो. त्याने पडद्यावर काय पाहिलं? शिवणकाम करणारी एक बाई. त्याच्या घरात शिवणकाम करणारी बाई कोण? त्याची आई. त्याला भूत दिसत नाहीये. आई एक दिवस सुई उचलेल आणि तसंच करेल, ही त्याची भीती आहे. आईला हे तो सांगू शकत नाही, कारण असं बोलणंसुद्धा त्याला अभद्र वाटत असणार. म्हणून तो पळतो, आणि रात्री तिच्याजवळच झोपतो. तो आईवर पहारा देतोय असं मला वाटतं.

तेव्हा नणंदेला पहिलं हे सांगा. "घाबरायचं काय त्यात" असं त्याला कोणीही म्हणायचं नाही. "मोठा झालास ना आता" हेही नको. एकदा निवांतपणे विचारायचं, "त्या बाईचं बघून तुला काय वाटलं? माझं तसं होईल असं वाटतं का?" त्याने मान हलवली तरी पुष्कळ झालं. मग सरळ उत्तर द्यायचं: नाही, होणार नाही, ती बाई नटी होती, शूटिंग संपल्यावर तोंड धुऊन घरी गेली. या वयाच्या मुलाला कारण दिलं की पटतं. म्हणून त्याला कारण द्या, नुसता धीर देऊ नका.

आणि ते कारण त्याच्या हाताला कळू द्या. पडद्यावरचं रक्त बहुतेकदा साखरेच्या पाकासारखं घट्ट सिरप आणि खायचा रंग यांचं असतं. जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमांत तर चॉकलेटचं सिरपही चालून जायचं, कारण रंग दिसायचाच नाही, दाटपणा तेवढा दिसायचा. कातडी सिलिकॉनची किंवा फोम लॅटेक्सची, म्हणजे स्पंजासारख्या रबराची. नटाच्या अंगाचा साचा घेऊन ती बनवतात, रंगवतात, चिकटवतात, आणि कॅमेऱ्यासमोर जे सोललं जातं ते हेच. या मालिकेचं असलं काम हॉवर्ड बर्गर आणि ग्रेग निकोटेरो यांच्या कंपनीने केलं आहे. ती त्या धंद्यातली नावाजलेली माणसं आहेत आणि हेच काम आयुष्यभर करत आली आहेत. आवाजही खोटेच. हाड मोडल्याचा आवाज बहुधा भाजीची जुडी किंवा देठ पिरगाळून काढतात, सुरा खुपसल्याचा आवाज टरबुजासारख्या फळातून. रावेरला केळीच्या दांड्यांना तोटा नाही, एक मोडून ऐकवा त्याला. घट्ट पाक करा, लाल रंग घाला, कोको असेल तर चिमूटभर टाका म्हणजे रंग गडद होतो, आणि त्याच्याच हाताला लावू द्या. चाटूनही बघू दे. ज्या रक्ताची चव गोड लागली त्याची भीती बरीच पातळ होते.

हे काम कोणी करायचं, ते तुमच्या मुलाबद्दल लिहिताना सांगते.

सुईचं घाईने नको. आधी आईने त्याच्यासमोर नुसती डबी उघडायची. दोन-चार दिवसांनी त्यालाच दोरा ओवायला द्यायचा, लहान मुलांची नजर तीक्ष्ण असते आणि आईला तेवढीच मदत. मग शाळेच्या शर्टाचं बटण त्याच्याकडूनच लावून घ्यायचं. मध्येच 'नको' म्हणाला तर त्या दिवशी तिथेच थांबायचं. झोपायला काही रात्री आईजवळ, मग त्याच खोलीत पण वेगळ्या गोधडीवर, मग दार उघडं ठेवून पलीकडे.

सासूबाईंनी किंवा तिकडच्या आजीने दृष्ट काढली असेल तर वाद घालू नका. मीठ-मोहरीने पोराचं काही बिघडत नाही, उलट आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी करतंय हे त्याला दिसतं. पण भगताकडे नेऊ देऊ नका, एवढं मात्र ठामपणे सांगा. तिथे त्याला कोणीतरी सांगणार की तुला खरंच काही लागलंय, आणि आत्ता जी नुसती भीती आहे तिला मग पत्ता मिळेल. इतकं करूनही झोप, जेवण, शाळा यांपैकी काही महिनाभरात रुळावर आलं नाही तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या विभागात दाखवा, किंवा 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा 2022 साली सुरू झाली, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

'पोरं विसरतात' असं तुमच्या घरात कोणी म्हणत असेल तर एक सांगते. अमेरिकेतल्या दोन संशोधक बाईंनी कॉलेजच्या मुलांना विचारलं होतं, की लहानपणी किंवा शाळेत असताना पडद्यावरचं काही बघून घाबरला होतात का, आणि ती भीती किती टिकली. 1999 साली ते छापून आलं. दहातल्या नवांना असं काहीतरी आठवत होतं, आणि साधारण चौथ्या हिश्शाच्या मुलांना त्याचा त्रास तेव्हाही थोडाफार होत होता. लांब कशाला जायचं? 1993 साली रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला तेव्हा तुम्ही विशीच्या आतच असाल. त्याच्या सुरुवातीच्या संगीतावर रात्री मोरीत जायला कोण कोण कचरायचं, ते तुमच्या बहिणींना विचारून बघा.

आता नंदोई.

या माणसाची मला मनापासून बाजू घ्यायची आहे. रावेरच्या केळीवाल्याला कोणी भित्रा म्हणायचं? रात्रीची वीज मिळते म्हणून दोन वाजता बॅटरी घेऊन एकटा बागेत पाणी धरायला जाणारी माणसं ही. त्या पट्ट्यात बिबट्याची भीती असते, सापकिरडू तर आहेच. तेव्हा त्यांना भोवळ येत नाही. सुईने डोळा शिवताना बघून आली. यात काळजाचा काही संबंध नाही.

रक्त, जखम, सुई बघून येणारी भोवळ इतर सगळ्या भीतींपेक्षा वेगळी चालते. एरवी घाबरलो की काळीज धडधडतं, रक्तदाब वाढतो, अंग पळायला तयार होतं, आणि अशा अंगाने माणूस सहसा कोसळत नाही. इथे मात्र आधी थोडं वर जातं आणि मग एकदम खाली येतं, ठोके मंदावतात, रक्तदाब पडतो, मेंदूला रक्त कमी पोचतं आणि माणूस घसरतो. हे शरीराचं आपोआप होतं, ठरवून थांबवता येत नाही, आणि पुष्कळदा घराण्यात असतं. त्यांच्या वडिलांना किंवा भावाला इंजेक्शन घेताना असं होतं का, विचारा. भाच्यातही तो गुण उतरला असू शकतो, म्हणून त्याला लस किंवा इंजेक्शन देताना बसवून नाही, आडवं करूनच द्यायला सांगा.

याच्यावर एक साधा उपाय आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी तो 1980 च्या दशकात बसवला. भोवळ येतेय असं वाटताच हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद कडक आवळायचे, मग वीस-तीस सेकंद सैल सोडायचे, पुन्हा आवळायचे. असं चार-पाच वेळा. रक्तदाब टिकून राहतो. कांदा हुंगवण्यापेक्षा पाय वर करून आडवं झोपवणं जास्त कामाचं. (रक्त न बघता, उगाच उभ्या उभ्या भोवळ येत असेल तर मात्र डॉक्टर गाठायचा, ती गोष्ट वेगळी.)

त्यांना खरं लागलंय ते हसणं. सासुरवाडीला, सणाच्या दिवशी, पोरासोरांसमोर. आपल्याकडे जावयाचा मान काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. 'विकृत' हा शब्द नणंदेच्या तोंडून आला असला तरी त्याला धार नवऱ्याच्या अपमानाची आहे. म्हणून ती रागाने बोलली ते मनाला लावून घेऊ नका, आणि तिच्या शब्दाला उत्तर देत बसू नका.

आता तुमचा मुलगा. 'विकृत' हे मला अजिबात मान्य नाही, पण 'खोटं असतं, एवढं काय' हेही मान्य नाही. तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: नाचणाऱ्या बाईचे प्रसंग आले तसे त्याने पटापट पुढे ढकलले.

म्हणजे त्याला पक्कं ठाऊक होतं की खोलीत कोण बसलंय. आई आहे, आजी आहे, आत्या आहे, चौथीतलं पोरगं आहे. रिमोट त्याच्या हातात होता, बोट बटणावर होतं आणि कुठला प्रसंग कधी येतो हेही पाठ होतं. त्याने निवड केली. उघडं अंग या खोलीत चालणार नाही असं ठरवलं आणि अंगावरचं कातडं सोललेलं चालेल असंही ठरवलं. त्यामुळे 'माझ्या लक्षात आलं नाही' ही सबब त्याला उरत नाही. लक्षात आलं होतं. फक्त ते सगळं लक्ष लाजेकडे गेलं, भीतीकडे गेलंच नाही.

यात त्याचा एकट्याचा दोष नाही हेही म्हणते. आपल्या घरांनी त्याला हेच शिकवलंय. टीव्हीवर चुंबन आलं की बाप खाकरतो, आई पाण्याला उठते, आजी माळ ओढते. कोणी कोणाला तलवारीने उभा चिरला तर सगळे हात भाजीत घालून बघत राहतात. मुलाने घरातला कायदा तंतोतंत पाळला. तो कायदाच अर्धा आहे.

तेव्हा त्याच्याशी बोलताना 'असलं घाणेरडं बघतोस' इथून सुरुवात केलीत तर संपलं. तो तुम्हाला दिग्दर्शकाचं नाव सांगेल, दारिओ आर्जेंतो, इटलीतला केवढा मोठा माणूस, 1970 पासून सिनेमे काढतोय, तुम्हाला काय कळतंय. आणि त्याचं खोटं नसेल. त्याऐवजी एवढंच विचारा: "नाच पुढे ढकललास तो कोणासाठी? मग सुईदोरा कोणासाठी ठेवलास?" आणि गप्प बसा. उत्तर त्याला शोधू द्या.

मुलं असलं का बघतात? काही जण कारागिरीसाठी बघतात, रबराचं कातडं इतकं खरं कसं दिसतं म्हणून. काही जण त्या झटक्यासाठी, जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसतात तसे. आणि बरेच जण दाखवण्यासाठी, की बघा, मला काही होत नाही. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने 1986 साली सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला होता. त्यात तरुण मुलांना शेजारी घाबरणारी मुलगी असली की भयपट जास्त आवडला, आणि मुलींना न डगमगणारा मुलगा शेजारी असला की. म्हणजे भयपटाची मजा निम्मी पडद्यावर असते आणि निम्मी सोफ्यावर. तुमच्या मुलालाही पेल्ट्स दाखवायचा होता त्यापेक्षा जास्त तुमचे चेहरे बघायचे होते. यात रोग नाही, वीस वर्षं वय आहे. पण ज्याचा चेहरा आपण मजेसाठी बघणार त्याला आधी विचारावं लागतं.

तो 'हॉररला सीमा नसते' वगैरे म्हणालाच तर याच मालिकेची गोष्ट सांगा. मिक गॅरिसने ती 2005 साली शोटाईम या अमेरिकेतल्या पैसे भरून बघायच्या वाहिनीसाठी सुरू केली, मोठमोठ्या भयपट दिग्दर्शकांना बोलावून, प्रत्येकाला तासाभराचा एक सिनेमा, बऱ्यापैकी मोकळ्या हाताने. तरी पहिल्याच पर्वासाठी जपानच्या ताकाशी मिईकेने केलेला 'इम्प्रिंट' हा भाग त्या वाहिनीने 2006 साली दाखवलाच नाही. असल्या रक्ताळलेल्या मालिकेसाठी पैसे मोजणारी वाहिनी, तिनेही एका जागी हात वर केले. भाग पुढे डीव्हीडीवर आला, ज्याला बघायचा त्याने पाहिला. असंच असायला हवं. बंदीची मी बाजू घेत नाही, पण बघणाऱ्याने दार स्वतः उघडून आत यायला हवं. तुमच्या घरी ते भाच्याच्या अंगावर उघडलं.

ओटीटीवर निदान आकडा तरी येतो. 2021 च्या नियमांनुसार सात, तेरा, सोळा वर्षं आणि प्रौढ अशा पायऱ्या लिहाव्या लागतात, आत हिंसा आहे की नग्नता की आणखी काही तेही लिहावं लागतं, आणि तेरा व त्यापुढच्या पायऱ्यांच्या गोष्टींना पालकांना कुलूप घालता येतं. पेनड्राईव्हला कसलंच कुलूप नसतं. तिथे पेनड्राईव्ह लावणाराच कुलूप.

मग त्याने करायचं काय? फोनवरचं 'सॉरी' पुरे नाही. त्याला एका रविवारी रावेरला पाठवा. बसने जाऊ दे, उन्हात. नंदोईंसमोर बसून, चहा होण्याच्या आधी, म्हणू दे: "मामा, मी हसलो ते चुकलं." एवढंच. 'मस्करी होती' हे शेपूट नको. मग भाच्याला घेऊन स्वयंपाकघरात खोटं रक्त करायचं, खोटी जखम करायची, मोबाईलवर व्हिडिओ काढायचा आणि आतेला घाबरवायला जायचं. ज्याने भीती आणली त्यानेच तिचं शिवण उसवून दाखवावं, म्हणून हे काम आईबापाने न करता त्याने करायचं. इंजिनिअरिंगचा मुलगा आहे, पाकाचा दाटपणा त्याला जमेल. माझा अंदाज आहे की भाचा आठ दिवसांत त्याचा शागीर्द होईल.

काळजी कधी करायची तेही सांगते. मुलगा खऱ्या कुत्र्यामांजरांना त्रास देत असेल, दुसऱ्याला दुखलेलं बघून त्याला खरोखर आनंद होत असेल, किंवा खरे अपघात, खऱ्या मारहाणीचे व्हिडिओ शोधून शोधून बघत असेल, तर जरूर डॉक्टर. नटनट्यांचं रबर बघतो म्हणून नाही. आणि खऱ्या व्हिडिओंचा विषय निघालाच आहे तर तुमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा नजर टाका. महामार्गावर ट्रकखाली आलेला माणूस, 'सावधान, सर्वांना पाठवा'. सकाळी चहाबरोबर. ते रक्त साखरेचं नसतं आणि त्या माणसाचं घर कुठेतरी असतं. ते पाठवणाऱ्या काका-मामांना विकृत म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही.

सासूबाईंवर मात्र मी फिदा आहे. घरात एक बेशुद्ध, एक रडतंय, चार हसतायत, आणि म्हातारीने गोष्ट शेवटपर्यंत पाहिली आणि निकालही दिला. तो निकाल बरोबर आहे. पेल्ट्सबद्दल बघणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो नुसता रक्ताचा चिखल, गोष्ट नावालाच. दुसरा म्हणतो ही जुन्या धाटणीची बोधकथा आहे, हाव आणि तिचं फळ. सासूबाई दुसऱ्या तटात. श्रावणातल्या कहाण्या ऐकलेल्या कानांना ते नवीन नाहीच: कोणी उतला, मातला, देवाचं घेतलं, आणि त्याचं काय झालं ते ऐका. आपल्या घरात रक्ताचं वावडं कधी होतं? नरसिंह मांडीवर घेऊन पोट फाडतो ते चित्र कॅलेंडरवर असतं, आतड्यांसकट. महिषासुराचं मुंडकं उडवणाऱ्या देवीच्या गडावर आपण पोरांना कडेवर घेऊन चढतो. ती पोरं रात्री ओरडत उठत नाहीत, कारण ती गोष्ट त्यांनी कोणाच्या तरी मांडीवर ऐकलेली असते, शंभरदा, आणि शेवटी कोण जिंकणार हे आधीच माहीत असतं. भाच्याला यातलं काहीच नव्हतं. इंग्रजी संवाद, अनोळखी गोष्ट, मध्येच बाप कोसळला. बाप कोसळल्यावर पोराने कशाला घाबरायचं राहायचं?

राखीला ते सगळे आले की सासूबाईंनाच ती गोष्ट भाच्याला सांगू द्या. अहिराणीत. व्यापारी रावेर-यावलकडचा करतील त्या, रॅकूनचं उदमांजर होईल, आणि शिवणाऱ्या बाईचं काय करायचं ते त्यांना बरोबर सुचेल.

आणि आता तुम्ही.

नाही, वहिनी. खोट नाही.

पहिल्या रात्री तुम्ही काय पाहिलंत? बोटांच्या फटीतून, मध्येच उठून नंदोईंना पाणी मारत, पोराला पोटाशी धरत. अर्धं पाहिलंत, अर्धं नाही. न पाहिलेलं अर्धं मन आपोआप भरून काढतं आणि ते पडद्यावरच्यापेक्षा भयंकर भरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी उजेडात, आवाज बंद करून, थांबवायचं बटण स्वतःच्या हातात ठेवून तुम्ही तेच पुन्हा पाहिलंत. भीतीला आपल्या अटींवर भेटायला गेलात. पुष्कळ शहाणी माणसं असंच करतात.

'डोळे हटत नव्हते' याचंही कारण आहे. भीतीने अंग पेटतं, आणि प्रसंग संपला तरी ते लगेच विझत नाही. काळीज अजून धावत असतं तेवढ्यात सुटकेची भावना येते आणि त्या धावत्या अंगात ती सुटका दुप्पट गोड लागते. वर ज्याचं नाव घेतलं त्या झिलमननेच हे मांडलंय. म्हणून माणूस घाबरतो आणि पुन्हा बघतो. उपासतापासाने हे बदलत नाही.

शिवाय मला आणखी एक वाटतं, पटलं नाही तर सोडून द्या. आखाजीला घरभर पाहुणे. मांडे, आमरस, सांजोऱ्या, माहेरवाशिणींची उठबस. नणंदेची आखाजी तुमच्या घरी झाली. तुमची तुमच्या माहेरी झाली का, ते पत्रात नाही. त्या सगळ्यात दुपारचा एक तास तुम्ही कोणासाठी काही न करता बसलात. कदाचित तो तासही आवडला असेल, भागाइतकाच.

आवडलं म्हणजे सगळंच आवडलं असंही नाही. या भागातल्या बाईकडे कॅमेरा ज्या नजरेने बघतो ते तुम्हाला खटकलं असेल, मुलाने ढकललेलं तुम्ही दुपारी पाहिलंच असेल. म्हातारा, व्यापारी आणि सापळ्यांची गोष्ट आवडली, नाच उगाच घुसडलाय असं वाटलं, तर तेच तुमचं मत. मुलाला सांगा ते. आई हा भाग पूर्ण पाहून, विचार करून, त्यातलं काय फसलंय हे सांगतेय, अशी वेळ त्याच्यावर बहुधा कधी आली नसेल. 'आई, तुला काय कळतंय' याला त्याच्यापुढे आपोआप कुलूप लागेल. फक्त हे त्याने रावेरला जाऊन आल्यावर सांगा, आधी नाही. आधी सांगितलंत तर तो म्हणेल, बघ, आईलाही आवडला, आणि नंदोईंसमोर तोच मुद्दा घेऊन बसेल.

नणंदेला हे सांगायची गरज नाही. लपवणं आणि न सांगणं यात फरक आहे. तिला आज हवंय ते तुमचं एक वाक्य: "माझ्या घरात झालं, माझ्या समोर झालं, मी टीव्ही बंद करायला हवा होता." त्यात मुलाचा बचाव नको, तिच्या 'विकृत'चा हिशेब नको. फोन संध्याकाळी नको, तेव्हा तिचे ग्राहक येत असतील, दुपारी करा.

राखीला टीव्ही कुठला आणि कोणासाठी, ते आधीच ठरवा. मोठ्यांना काही बघायचं असेल तर पोरं झोपल्यावर, आणि लावण्याआधी खोलीत मोठ्याने विचारायचं की यात रक्त आहे, सुया आहेत, कोणाला उठायचंय? उठणाऱ्याकडे बघून कोणी हसायचं नाही. नंदोई उठले तर तुम्हीही उठा, चहा ठेवा, आणि थोडा वेळ तिकडेच थांबा.

पेनड्राईव्ह फोडू नका. दोन पर्वांचे मिळून त्या मालिकेचे 26 भाग आहेत. कुठला बघण्यासारखा आणि कुठला सोडण्यासारखा, हे तुमचा मुलगा तुम्हाला सांगू शकेल.